उम्म सलालच्या शेडमधल्या खुर्च्या

विमान दोह्यावर उतरू लागलं तेव्हा शेजारचा तरुण खिडकीतून समुद्राचे फोटो काढत होता आणि मी माझा उजवा गुडघा हातानं दाबून धरला होता. मुंबईपासून तो पाय हलत होता. खाली निळं पाणी, मग हिरवट पाणी, आणि मग एकदम वाळू. आपल्याकडे समुद्र आणि जमीन यांच्या मध्ये माडांची एक ओळ तरी असते. इथं पाणी संपलं की कोरडं सुरू. "अंकल, पहिल्यांदा येताय?" त्यानं विचारलं. हो म्हणालो. "मग भरपूर फिरा. म्युझियम बघा, डेझर्ट सफारी करा." त्यालाही हो म्हणालो.

या दिवाळी अंकासाठी मी पूर्वी दोनदा लिहिलं आहे. देवळांवर आणि डोंगरांवर. यावेळी संपादकांनी कतारवर लिहा म्हटलं तेव्हा तेही मान्य केलं. पण खरं आधीच सांगून टाकतो. मी कतारला फिरायला गेलो नव्हतो. एका माणसाला शोधायला गेलो होतो, आणि तो सापडू नये असं मला अर्धं वाटत होतं.

विमानतळावर पहिली गडबड झाली. उतरलेल्या सामानाचं तिथं पुन्हा स्कॅनिंग होतं. अधिकाऱ्यानं माझी बॅग उघडायला लावली आणि रुमालात गुंडाळलेल्या दोन पटाश्या बाहेर काढल्या. नाशिकच्या जुन्या दुकानातून मुद्दाम घेतलेल्या, चांगल्या पोलादाच्या. त्यानं बोटानं धार चाचपली आणि भुवया उंचावल्या. "फॉर वुड," मी म्हणालो. "यू कारपेंटर?" मी मान हलवली, हो का नाही ते मलाच कळलं नाही. त्यानं पटाश्या परत दिल्या.

माझी मुलगी मुग्धा आणि जावई अल रय्यानला राहतात. दोघं दोन-दोन वर्षांच्या काँट्रॅक्टवर. ती फायनान्समध्ये, तो आयटीमध्ये. त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी तीन साध्या खुर्च्या आहेत आणि एक वेगळी. त्या वेगळ्या खुर्चीपायीच हा प्रवास झाला. फेब्रुवारीत मुग्धा व्हिडिओ कॉलवर बोलत होती, मागे ती खुर्ची दिसली. मी तिला ती उलटी करून दाखवायला सांगितली. "बाबा, काय हे! नीट बसतेय की ती," असं म्हणत तिनं फोन खाली नेला. बैठकीच्या पोटाला, चारही पायांपाशी, पेन्सिलीनं आकडे घातले होते. १, २, ३, ४. मराठी आकडे.

वाचकांना या खुर्चीची ओळख करून द्यायला हवी. तिला विंडसर खुर्ची म्हणतात, मूळची इंग्लंडची. आपल्या नेहमीच्या खुर्चीचे मागचे पाय तसेच वर जाऊन पाठ होतात. हिचं तसं नाही. हिची बैठक म्हणजे जाड, कोरून खोलगट केलेली एक फळी. खालून तिच्यात चार तिरके पाय घुसतात, वरून बारीक काड्या घुसतात, आणि त्या काड्यांना कवेत घेणारी एक वाकवलेली कमान असते. खिळा नाही, स्क्रू नाही. पायाच्या टोकाला कुसू (भोकात बसणारा गोल भाग) असतं. ते पूर्ण वाळलेलं हवं, आणि बैठक किंचित ओलसर. मग बैठक हळूहळू वाळते, भोक आकसतं आणि कुसू आवळून धरतं. पन्नास वर्षं सुटत नाही. उलटं झालं, म्हणजे कुसू ओलं राहिलं, तर तेच आकसतं आणि खुर्ची डुगडुगायला लागते. सगळी विद्या एवढ्यात आहे.

हे मला कुणी शिकवलं, तर भिकाजी मेस्त्रींनी. कुडाळचा माणूस. नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत एका निर्यातीच्या कारखान्यात मी प्रॉडक्शन मॅनेजर होतो आणि मेस्त्री खुर्च्यांचे मुख्य कारागीर. पायांना आकडे घालायची सवय त्यांची. प्रत्येक पाय त्याच्याच भोकासाठी घडलेला असतो, म्हणायचे, दुसऱ्याच्या घरात घातला तर रुसतो. बारा वर्षांपूर्वी ते कारखान्यातून गेले. का गेले ते सांगण्याआधी मला थोडं फिरून यायचं आहे. कतारमध्येही मी तेच केलं.

मुग्धानं खुर्ची एका प्रदर्शनातून घेतली होती. विकणाऱ्यानं तिला सांगितलं होतं की करणारा इंडियन कारपेंटर बिरकत अल अवामेरला राहतो. ते दक्षिणेकडे, बांधकामावरच्या कामगारांच्या वस्तीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टॅक्सी केली. चालक बशीर, मलबारचा, हिंदी मोडकंतोडकं पण बोलायला अखंड. वाटेत त्यानं एका टपरीसमोर हॉर्न वाजवला आणि गाडीतच कागदी पेले आले. करक, म्हणजे वेलची घालून आटवलेला चहा. "साब, ये पियो. इसके बिना कतार चालू नहीं होता."

बिरकत अल अवामेरला एकसारख्या इमारती, एकसारख्या खिडक्या, आणि खिडक्यांत वाळत घातलेले निळे-पिवळे कामाचे कपडे. मे महिना, सकाळचे दहा, आणि डांबरावरून वाफ निघाल्यासारखं दिसत होतं. फाटकावरच्या नेपाळी रखवालदारानं वही पाहिली, दोघांना विचारलं, मग म्हणाला, "भिकाजी? चेअरवाला? वो तो गया. दो साल हुआ. उम्म सलाल मोहम्मद में, फार्म पे."

मी परत येऊन गाडीत बसलो आणि काय सांगू, मला हलकं वाटलं. सापडला नाही. आपण प्रयत्न केला. बशीरनं आरशातून पाहिलं. "तो यल्ला, चलें उम्म सलाल?" "आज नको," मी म्हणालो.

पुढचे तीन दिवस मी पर्यटन केलं. म्युझियम पाहिलं, काय पाहिलं ते आठवत नाही. समुद्राकाठच्या रस्त्यावर चाललो. बाजारात ससाणे पाहिले, डोळ्यांवर चामड्याची टोपी घालून मुठीवर बसलेले. मुग्धानं मला एका जागी पाच मिनिटं बसलेलं पाहिलं नाही. गुरुवारी संध्याकाळी ती लॅपटॉप मिटून समोर बसली.

"बाबा, तुम्ही नक्की कोणाला शोधताय?"

"जुना सहकारी आहे."

"मग भेटत का नाही? उद्या फ्रायडे आहे, मला सुट्टी. मी सोडते. आणि प्लीज, ती खुर्ची सारखी उलटी करून बघू नका. मला टेन्शन येतं."

शुक्रवारी सकाळी तिनं मला उम्म सलाल मोहम्मदला सोडलं. दोह्याच्या उत्तरेला, फार लांब नाही. घरं, दुकानं, मग मातीच्या रंगाच्या भिंती आणि भिंतींच्या आत खजुराची झाडं. शेताच्या फाटकाशी वाऱ्यानं तोंडावर धूळ मारली. शमाल, वायव्येकडून येणारा वारा. तो सुटला की दिवसभर दातांखाली वाळू लागते. "फोन करा, मी येते," म्हणून मुग्धा गेली.

शेडच्या दारात मेस्त्री उभे होते. केस पांढरे, अंगानं पूर्वीपेक्षा बारीक, कमरेला तोच कापडी पट्टा. त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"पाटणकर साहेब?"

"हो."

"अरे देवा! खंयसून उगवलात? या, या. आत या. वारा खातोय तुम्हाला."

मी ज्या दहा प्रकारच्या स्वागतांची तयारी केली होती त्यात हे नव्हतं.

शेतमालक अबू नासिर आतच बसले होते. सत्तरीचे, पांढरा शुभ्र पायघोळ थोब अंगात, विंडसर खुर्चीवर. तरुणपणी ते शिकायला इंग्लंडला होते. घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात अशी खुर्ची होती, तिच्यावर बसून चार हिवाळे काढले. आता त्यांना आपल्या मजलिसमध्ये (पाहुण्यांच्या बैठकीत) तशाच खुर्च्या हव्यात. उरतील त्या विकायच्या. मला म्हणाले, "भिकाजी इज स्लो. व्हेरी स्लो." मग खुर्चीच्या हातावर थाप मारून, "गुड स्लो," आणि नमाजाला निघून गेले.

मेस्त्रींनी मला सगळी शेड दाखवली. पाय सिदरच्या लाकडाचे. सिदर म्हणजे तिकडची बोर. शेतातली मोठी फांदी वाऱ्यानं पडली की ती यांच्या वाट्याला येते. बैठकीच्या फळ्या बाहेरून येतात, त्या ओल्या गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात उभ्या. एका फळीवर वाकस (आडव्या पात्याची, कुदळीसारखी चालणारी कुऱ्हाड) चालवून त्यांनी मला बैठक कशी खोल करतात ते दाखवलं. पायांच्या मध्ये फळी, वाकस आपल्याच दिशेनं येणारा, आणि पावलापासून चार बोटांवर थांबणारा. मला जुन्या सवयीनं धडकी भरली आणि ते जुन्या सवयीनं हसले. "साहेब अजून घाबरतात!"

"आणि वाळवायला काय करता?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"ते बघण्यासारखं आहे," म्हणत त्यांनी मला मागे नेलं. उन्हात एक जुना पिकअप उभा होता, इंजिन नसलेला, काचा घट्ट लावलेल्या. आत सीटवर, डॅशबोर्डवर, सगळीकडे पायांचे आणि काड्यांचे जुडगे मांडलेले. दार उघडलं तशी भट्टीची झळ आली. "वीज नको, बल्ब नको, पेटी नको. सूर्य काही कोणी बंद करत नाही."

ते सहज बोलले. पण मी पिकअपच्या पत्र्याला हात टेकवला आणि चटका बसला तरी काढला नाही.

मग त्यांनी जुडग्यातला एक पाय घेतला आणि आत येऊन सोनाराच्या असतो तसल्या छोट्या काट्यावर ठेवला. पायावर पेन्सिलीनं वजनं लिहिलेली होती, एकाखाली एक, सात-आठ. "रोज वजन करतो. तीन दिवस वजन उतरलं नाही म्हणजे वाळला. मग आणखी तीन दिवस ठेवतो."

"आणखी कशाला?"

"खात्रीला." त्यांनी काटा झाकून ठेवला. "पूर्वी नुसता हात लावून कळायचं, साहेब. गालाला लावला की कळायचं. तुम्ही पाहिलंय. आता नाही भरवसा वाटत."

दुपारी त्यांनी जेवायला बसवलं. कनद (आपली सुरमई) तळलेली, भात, आणि घरून आलेल्या आमसुलांची सोलकढी. आग्रह करून वाढत होते. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा घास घातला. त्यांच्या हातचं जेवण्याआधी सांगायला हवं होतं. ते आता लिहिताना कळतं. तेव्हा मी पटाश्या काढून दिल्या. त्यांनी नखावर धार पाहिली आणि मान डोलावली. "ह्या इथं मिळत नाहीत. आठवण ठेवलीत, साहेब."

"गणपतीला जाता का घरी?" मी विचारलं. माझं मलाच कळत नव्हतं मी असले प्रश्न का विचारतोय. जिभेनं दुखऱ्या दाताला सारखं ढोसावं तसं.

"नाही." ते ताटातले काटे गोळा करत होते. "बारा वर्षं नाही गेलो. शिमग्याला जातो, मे महिन्यात एकदा गेलो. गणपतीला नाही."

कोकणातला माणूस गणपतीला घरी जात नाही, हे मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही.

जेवणानंतर कमान वाकवायची होती. एरवी शेतावरचा एक बांगलादेशी माळी हात लावायचा. तो शुक्रवारचा गेला होता. "तुम्ही धराल? तुम्हाला माहीत आहे सगळं." लांब लोखंडी पाइप, एका टोकाला चिंध्या कोंबलेल्या, दुसऱ्या टोकानं गॅसवरच्या पिंपातली वाफ आत जाते. आत अ‍ॅशची पट्टी. हे परदेशी लाकूड वाफेत तासभर ठेवलं की वेतासारखं वाकतं, पण बाहेर काढल्यावर अर्धा मिनिटच. तेवढ्यात मध्यभाग साच्यावर दाबून, दोघांनी दोन टोकं एकाच वेळी, एकाच जोरानं ओढत आणायची आणि पाचरी ठोकायच्या. बोलायला वेळ नसतो.

मेस्त्रींनी पट्टी ओढून काढली. "यल्ला, साहेब!" मी माझं टोक धरलं. हातमोज्यांतून चटका येत होता. पट्टी वळू लागली, छान वळू लागली, आणि मी तिच्याकडे न बघता मेस्त्रींच्या तोंडाकडे बघत होतो. माझी पकड सैल झाली. टोक उसळलं. मेस्त्रींनी झेप घेऊन ते परत ओढलं, पण तेवढ्यात लाकूड थंडावलं होतं. टचकन् आवाज आला आणि कमानीच्या बाहेरच्या अंगाला लांबट सालपट उभं राहिलं.

मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "माझीच चूक."

"नाही, मेस्त्री, मी सोडलं."

"नाही हो. वाफ कमी पडली असेल. माझा अंदाजच चुकतो. त्या नाशिकच्या मालापासून चुकतोच." आणि मोडक्या कमानीवरून अंगठा फिरवत राहिले, आजारी गुराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

तिथं मी सांगितलं. आजवर बायकोलाही सांगितलेलं नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी खुर्च्यांची मोठी ऑर्डर होती, हिवाळ्यात घरं तापवतात अशा देशाची. पायांची कुसवं वाळवायला कारखान्यात बल्बांची मोठी पेटी होती. मेस्त्रींनी ओले पाय पेटीत रचले, मला म्हणाले, मी गणपतीला जाऊन येतो, दहा दिवस पेटी बंद करू नका, आणि गेले. ते गेल्याच्या दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका ऑर्डरच्या पॉलिशसाठी यंत्रं लावायची होती, आणि विजेचा भार पेलत नव्हता. मी पेटी बंद केली. चार दिवसांत सुरू करू म्हटलं, पॉलिश लांबलं. मेस्त्री यायच्या आदल्या संध्याकाळी मी पेटी पुन्हा सुरू केली. सकाळी ते आले तेव्हा पाय गरम होते, वरून कोरडे लागत होते, आणि दहा दिवस झालेले होते. त्यांनी ते ठोकले.

खुर्च्या तिकडे पोचल्या आणि पहिल्याच हिवाळ्यात डुगडुगल्या. सगळा माल परत. मालकांनी चौकशी केली ती शेडमध्येच, चहाच्या सुट्टीत. लेथवाला, पॉलिशवाला, पॅकिंगवाला आणि स्टोअरकीपर असे चौघे उभे होते. मी म्हणालो, "मेस्त्रींनी ओली कुसवं ठोकली. गणपतीला गेलेले दिवस भरून काढायच्या घाईत होते." मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "असेल. माझाच अंदाज चुकला असेल." त्या महिन्यात त्यांना काढलं. मला कुणी काही विचारलं नाही.

हे सांगून झालं तेव्हा पिंप अजून उकळत होतं. मेस्त्रींनी जाऊन गॅस बंद केला. मग कामातलं विचारावं तसं विचारलं, "कितव्या दिवशी बंद केलीत?"

"दुसऱ्या."

"आणि सुरू?"

"तुम्ही यायच्या आदल्या दिवशी."

त्यांनी बोटांवर मोजलं. "म्हणजे जेमतेम दोन दिवस. दोन दिवसांत काय वाळणार? आतून हिरवेच असणार." त्यांच्या आवाजात एक विचित्र सुटका होती, कोडं सुटल्यावर येते तशी. ती क्षणभरच टिकली. "म्हणजे माझा हात बरोबर होता. मला ठोकताना वाटलं होतं, जड आहेत. वाटलं होतं, साहेब! पण म्हटलं, दहा दिवस झालेत, पेटी गरम आहे, आपल्यालाच वाटतंय." ते माझ्याजवळ आले. "बारा वर्षं मी हा वजनाचा काटा घेऊन बसलोय. वाण्यासारखा. तुम्ही माझी नोकरी घेतलीत ते राहू दे, नोकऱ्या मिळतात. तुम्ही माझा हात खोटा पाडलात."

मी माफी मागितली. तो शब्द त्या शेडमध्ये अगदीच किरकोळ वाटला.

त्यांनी फोन काढला आणि कुडाळला बायकोला लावला. स्पीकर सुरू केला.

"अगो, ऐक. नाशिकचे पाटणकर सायेब इलेत. तेंका तुका कायतरी सांगूचा आसा."

"कोण? ते थंय खंय?" पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली.

मी पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सोपं जाईल असं वाटलं होतं, गेलं नाही. पलीकडे कुकर गॅसवरून उतरवल्याचा आवाज आला.

"सायबानू," वहिनी म्हणाल्या, "बारा वर्सां मी ह्येंका बोललंय. तुमच्या घाईन घर बसला म्हणान. गणपतीत सगळ्यांचे घोव येतत, माजो येना नाय. इलो तर लोक काय म्हणतले, ह्याच गणपतीपायी ह्येची नोकरी गेली. आता माजा बोललला मी परत कसा घेव, ता सांगा."

"वहिनी, माझं चुकलं."

"ता माका सांगून काय उपेग? चार मान्सांच्या फुड्यात बोललात मां? मग त्या चौघांका जावन सांगा." आणि मग नवऱ्याला, "तुमी जेवलात काय?"

"जेवलो."

"ह्येंका पण वाढल्यात?"

"वाढलंय."

"वाढूचाच लागता," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मेस्त्रींनी पटाश्या रुमालात गुंडाळल्या आणि माझ्या पिशवीत घातल्या. "ह्या घेऊन जा." मी मुग्धाला फोन करत होतो तेव्हा ते मोडकी कमान साच्यातून काढत होते. पाठ माझ्याकडे. मी दारापर्यंत गेलो तेव्हा म्हणाले, "बोलणं खलास. पण ही कमान तुमच्या हातानं मोडलीय. उद्या सकाळी सातला या. ती वाकवून द्या आणि मग जा."

परतीच्या वाटेवर मुग्धा गाडी चालवत होती. अल रय्यानच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मीच तिला सांगितलं. सिग्नल हिरवा झाला तरी ती निघाली नाही. मागून हॉर्न वाजले. घरी गेल्यावर ती त्या खुर्चीसमोर उभी राहिली. बसली मात्र नाही. "बाबा, मी दहावीत होते तेव्हा ना? तुम्ही तेव्हा जेवायचाच नाहीत. आई म्हणायची, ऑफिसचं टेन्शन आहे." मग ती आत गेली. मला तिचं रागावणं चाललं असतं.

सकाळी सातला वारा पडला होता. वाफ तयार होती. मेस्त्रींनी पट्टी काढली, मी टोक धरलं, आणि या वेळी फक्त लाकडाकडे पाहिलं. ते वळत गेलं. त्याचा जोर तळव्यात कळत होता; कुठं द्यायचं आणि कुठं धरायचं, ते लाकूडच सांगत होतं. पंचवीस वर्षं मी खुर्च्यांचा मॅनेजर होतो आणि स्वतःच्या हातानं पुरी केलेली ही पहिली कमान. पाचरी ठोकून झाल्यावर त्यांनी तिच्यावर ओलं फडकं टाकलं. "राहील," म्हणाले. मी हात पुढे केला नाही. त्यांनीही केला नाही. मी फाटकाबाहेर पोचलो तेव्हा आत वाकसाचा आवाज सुरू झाला होता, न थांबता, एका लयीत.

परतीच्या विमानात माझा पाय हलत नव्हता असं लिहिलं तर चांगलं दिसेल. पण तो हलत होता. माफी मिळाली नाही, आणि मागून मिळण्यासारखी ती वस्तूही नव्हती. खिडकीखाली वाळू गेली, पाणी आलं. सगळा वेळ मी त्या चौघांचे पत्ते आठवत होतो.

नाशिकला आल्यावर पहिल्या आठवड्यात गेलो. लेथवाल्यानं ऐकून घेतलं आणि मला चहाही विचारला नाही. पॉलिशवाला हसला. "साहेब, बारा वर्षं पॉलिश मारून ठेवलंत की! लाकूड दिसलंच नाही कुणाला." पॅकिंगवाल्यानं खाली बघून सांगितलं, "पेटी बंद होती ते मी पाहिलं होतं. बोललो नाही. घरात तेव्हा चार खाणारी तोंडं होती." म्हणजे माझ्या खोट्याखाली आणखी एक माणूस बारा वर्षं दबून बसला होता, हे मला त्या दिवशी कळलं.

स्टोअरकीपरांच्या घरी त्यांच्या पत्नीनं दार उघडलं. भिंतीवर हार घातलेला फोटो होता. "गेल्या दिवाळीनंतर गेले," त्या म्हणाल्या. "काय काम होतं त्यांच्याकडे?"

"काही नाही," मी म्हणालो. "असंच. जुनी ओळख."

जिना उतरून रस्त्यावर आलो तेव्हा लक्षात आलं की मी पुन्हा तेच केलं. वर जाऊन सांगायचा धीर झाला नाही. त्या बाईंना मेस्त्री माहीत नाहीत, पेटी माहीत नाही. ज्यांनी ऐकायला हवं होतं ते गेले. म्हणून त्यांच्या वाट्याचं इथं लिहिलं आहे. पेटी मी बंद केली होती. मेस्त्रींचा हात बरोबर होता.